बाराव्या नावावरची रेघ

एकदा एका कबड्डीपटूने आपल्या गुरूंना एक साधा प्रश्न विचारला, आणि उत्तर द्यायचे सोडून गुरूंनी खिशातले पेन काढले.

त्या खेळाडूचे नाव हरेश्वर. समुद्रकाठच्या एका मासेमारी बंदरात बर्फाचा कारखाना आहे, तिथे तो कामाला होता. सकाळच्या पाळीत होड्यांसाठी बर्फाच्या लाद्या आकड्याने ओढायच्या आणि संध्याकाळी मैदान गाठायचे, हा त्याचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. वय एकोणतीस. सहा वर्षे तो जिल्ह्याच्या संघात होता, पण बारा जणांच्या यादीत बारावा. कबड्डीत सात जण मैदानात उतरतात आणि पाच राखीव म्हणून बाकावर बसतात. त्या बाकालाही एक शेवटचे टोक असते. हरेश्वरची जागा तिथली. सहा वर्षांत आपण प्रत्यक्ष खेळायला किती वेळा उतरलो, हे त्याला तोंडपाठ होते. अकरा वेळा. त्यातही एकदा शेवटची दोन मिनिटे, सामना केव्हाच हातचा गेल्यावर.

तो वाईट खेळाडू होता का? मुळीच नाही. लाद्या ओढून ओढून मनगटे लोखंडासारखी झालेली. त्याची जागा मधल्या रक्षकाची. कोपऱ्यातल्या साथीदाराचा हात धरून साखळी करायची आणि समोरच्या संघाचा चढाईपटू आत शिरला की झडप घालायची. पण झडप घालण्याच्या नेमक्या क्षणी त्याचे काहीतरी अडे. अर्धे पाऊल मागे राही. ते का राहते, हे त्याने कधी शोधले नाही. तो दरवर्षी एकच निश्चय करी : चूक होऊ द्यायची नाही. आणि एक सवय त्याला जडली होती. पकड साधो वा निसटो, त्याची मान आपोआप प्रशिक्षकांकडे वळे.

बारावे का होईना, नाव यादीत होते, आणि त्या नावावर त्याचे पुष्कळ काही उभे होते. कारखान्यात त्याला सगळे ‘प्लेयर’ म्हणत. संघाची जर्सी दोरीवर वाळत घातली की त्याची बायको प्रणिता ती आत आणायला जरा उशीरच करी. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसली पाहिजे ना!

संघाचे प्रशिक्षक होते आबा. शाळेतून निवृत्त झालेले क्रीडाशिक्षक, सत्तरी ओलांडलेली, पण शिट्टी वाजवली तर अजूनही बंदरापर्यंत ऐकू जाई. हरेश्वरला त्यांनी बारा वर्षांचा असल्यापासून शिकवले होते. संघनिवडीत शेवटचा शब्द त्यांचाच असे.

त्या वर्षी राज्य स्पर्धेआधी दहा दिवसांचे सराव शिबिर लागले. पंधरा जणांना बोलावले होते. त्यांतले तिघे गळणार होते. पहिल्याच संध्याकाळी निनाद नावाचा एकोणीस वर्षांचा नवा खेळाडू हरेश्वरच्याच जागेवर उभा राहिला आणि त्याने संघाचा सर्वांत वेगवान चढाईपटू धर्मेश याला असा काही उचलला, की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. हरेश्वरनेही वाजवल्या. पण टाळ्या वाजवतानाच त्याची मान आबांकडे वळली.

सराव संपला. मंडळी पांगली. आबा सामानाच्या खोलीपाशी पिशवी आवरत होते. हरेश्वर घुटमळत तिथे गेला.

“आबा, एक विचारू?”

“विचार.”

“यंदा माझं काय?”

आबांनी त्याच्याकडे पाहिले. मग सदऱ्याच्या खिशातून पंधरा नावांचा घडी केलेला कागद काढला, पेन काढले, आणि हरेश्वरच्या नावावर शांतपणे एक आडवी रेघ ओढली. कागद त्याच्यापुढे धरला.

“हे बघ. नाव खोडलं तुझं.”

हरेश्वरला वाटले, ऐकण्यात चूक झाली. पण रेघ तर समोर होती, शाई अजून ओली होती.

“बाकीच्यांना दहाव्या दिवशी कळेल,” आबा म्हणाले, “तुला आजच सांगितलं. आता काळजी करायचं कारण राहिलं नाही.”

“आबा, माझी चूक तरी सांगा.”

“उद्या साडेपाचला ये. रोजच्यासारखा.”

“नाव नाही तर येऊ कशाला?”

“खेळायला,” आबा म्हणाले आणि पिशवी खांद्याला लावून चालू लागले.

हरेश्वर घरी आला तो चप्पल न काढताच ओट्यावर बसून राहिला. प्रणिता बाहेर आली.

“काय झालं?”

“नाव खोडलं आबांनी. माझ्यासमोर.”

ती ओट्याच्या कडेला टेकली. मग म्हणाली, “आणि पुढे काय म्हणाले?”

“उद्या ये म्हणाले. खेळायला.”

“मग जा की. नाव खोडलंय, पाय नाही तोडले.”

हे वाक्य त्याला फार लागले. तिलाही ते जाणवले असावे. ताट वाढताना ती हळू आवाजात म्हणाली, “सहा वर्षं बघते मी. शिबिराचे दिवस आले की तुम्ही धड जेवत नाही. ताटात बघता आणि यादीच मोजत बसता. यंदा तरी जेवा.”

तो जेवला. रागानेच जेवला, पण पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी तो मैदानावर गेला खरा, पण श्रद्धेने नव्हे, इरेला पेटून. सतरा वर्षे ज्यांच्या पाया पडलो, त्यांनी एका रेघेत आपल्याला निकालात काढले, हे त्याला गिळवत नव्हते. आबांशी तो बोलला नाही. त्यांच्याकडे त्याने पाहिलेही नाही. ‘बघून उपयोग काय? कागदावर जे व्हायचं ते होऊन गेलंय,’ असे म्हणत तो साखळीत उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी एक गोष्ट घडली. धर्मेश चढाईला आला. हरेश्वरने झडप घातली, धर्मेश आपटला, दोघेही धुळीत लोळले. हरेश्वर उठला, हात झटकले आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन उभा राहिला. दोन चढाया झाल्यावर त्याच्या ध्यानात आले, की आपण आबांकडे वळून पाहिलेच नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा मान वळली नव्हती. आणि झडप घालताना ते अर्धे पाऊलही मागे राहिले नव्हते.

त्याच संध्याकाळी त्याला आणखी काही ऐकू येऊ लागले. धर्मेशचा दम. चढाईपटू ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत येतो, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे, पण प्रत्येकाची म्हणण्याची लय वेगळी असते. धर्मेश जादा गुणाच्या बोनस रेषेकडे पाय टाकण्याआधी त्याचा उच्चार किंचित घाईला येई. शब्दाचे शेपूट तुटे. हरेश्वरने बाकावर बसून हे शेकडो वेळा ऐकले होते. हे ज्ञान त्याच्यापाशी नवे नव्हते, पण मैदानात उतरला की त्याचे कान मिटत. भीतीचा गलका आत एवढा असे, की बाहेरचे काही ऐकूच येत नसे. आता तो गलका थांबला होता.

चौथ्या दिवशी त्याने धर्मेशला तीनदा पकडले.

“काय खाऊन आलास रे?” धर्मेशने मांडी चोळत विचारले.

“भाकरी,” हरेश्वर म्हणाला. दोघेही हसले. त्या हसण्यात राग कुठे विरून गेला, त्याचे त्यालाच कळले नाही.

सहाव्या दिवशी सराव संपल्यावर निनाद त्याच्याजवळ येऊन बसला. तोंडावर पाणी मारत म्हणाला, “दादा, धर्मेशदादा पाय टाकायच्या आधीच तुम्ही हलता. तुम्हाला आधी कळतं कसं?”

हरेश्वरच्या ओठांवर जुने उत्तर तयार होते. ‘अनुभव’ असे एका शब्दात सांगून मोकळे व्हायचे. आजवर त्याने हेच केले होते. कुणाचा तोल कुठे जातो, कोण कधी फसवा पाय टाकतो, हे सारे त्याने बाकावरून टिपले होते आणि गाठीला बांधून ठेवले होते. आपल्याकडचे काही दुसऱ्याला दिले, की आपली जागा तेवढी डळमळीत होते, असा त्याचा हिशेब. पण आता जागाच राहिली नव्हती. मग लपवायचे कशासाठी?

“उद्या जरा लवकर ये,” तो निनादला म्हणाला. “धर्मेशलाही घेऊन ये.”

दुसऱ्या दिवशी पाच वाजता दोघे रक्षक शेजारी शेजारी उभे राहिले. हरेश्वरने निनादला डोळे मिटायला लावले. “बघू नको. नुसतं ऐक. दम घाईला आला की हात वर कर.” धर्मेश चढाईला आला आणि निनादने हात वर केला, त्याच क्षणी धर्मेशचा पाय बोनस रेषेवर होता. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

धर्मेश कमरेवर हात ठेवून उभा राहिला. त्याचा चेहरा पडला होता.

“हे तुला कधीपासून माहीत आहे, हऱ्या?”

हरेश्वर पायाने माती उकरू लागला.

“गेल्या वर्षी उपांत्यपूर्व सामन्यात मी बोनस घ्यायला गेलो आणि त्यांनी मला तीनदा पकडलं. तिथेच आपण हरलो. त्यांनाही हेच ऐकू आलं असणार. तुला तेव्हा माहीत होतं?”

“होतं,” हरेश्वर म्हणाला.

धर्मेश रागावला असता तर बरे झाले असते. तो रागावला नाही. “बरं, आता सांगितलंस ना,” एवढेच म्हणाला आणि मैदानाच्या टोकाला जाऊन एकटाच दम घोकू लागला. उरलेले तीन दिवस तो हेच करत होता. नवव्या दिवशी त्याची लय अशी सरळ झाली, की हरेश्वरलाही तो सापडेना. हरेश्वर लागोपाठ चारदा बाद झाला आणि प्रत्येक वेळी धर्मेशची पाठ थोपटून बाहेर गेला. पण त्या पाठ थोपटण्यात आनंद होता तशी एक बोचही होती.

दहावा दिवस उजाडला. सराव आटोपल्यावर आबांनी सगळ्यांना थांबायला सांगितले आणि हरेश्वरला एकट्याला बाजूला बोलावले. खिशातला कागद काढला. रेघ जिथल्या तिथे होती.

“आबा,” हरेश्वर म्हणाला, “हे तुम्ही मला शिकवायला केलंत का? नाव खोडल्याचं नुसतं नाटक होतं?”

“नाही,” आबा म्हणाले. “खोडलं ते खरंच खोडलं. दुसऱ्या दिवशी तू आला नसतास, तर खोडलेलंच राहिलं असतं, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नसतं. बस.”

दोघे मैदानाच्या कडेला बसले. आबा सावकाश बोलू लागले.

“तू मला विचारलंस, माझी चूक तरी सांगा. तेव्हा सांगितली असती, तर ती दुरुस्तीही तू मलाच दाखवत बसला असतास. ऐक आता. सहा वर्षं तू संघात होतास, पण संघासाठी नव्हतास. त्या बाराव्या जागेला तू असा घट्ट धरून बसलास, की तुझे दोन्ही हात त्यातच गुंतले. मग चढाईपटूला धरायला हात कुठून आणणार? तुझं अर्धं पाऊल मागे राहायचं ते म्हणून. पण ते मी सहन केलं असतं. माणूस घाबरतो. मला खुपलं ते दुसरं. धर्मेशच्या दमातला दोष तुला ठाऊक आहे, हे तुझ्या चेहऱ्यावर मला दरवेळी दिसायचं. बाकावर बसल्या बसल्या तो चुकण्याआधीच तू डोळे मिटायचास. मी वाट बघत होतो, आज सांगेल, उद्या सांगेल. भीतीनं तुझं तर नुकसान केलंच, पण तिनं तुला कंजूषही केलं. मला वाटलं, ती जागाच काढून घ्यावी आणि बघावं, खाली माणूस उरतो का.”

हरेश्वरची मान खाली गेली. त्याला वाटले होते, आपण दुर्दैवी आहोत. आपल्यामुळे कुणाचे काही बिघडले असेल, हे त्याच्या मनातही आले नव्हते.

“मान वर कर,” आबा म्हणाले. त्यांनी पेन काढले आणि कागदाच्या तळाशी बाराचा आकडा घालून त्यापुढे ‘हरेश्वर’ असे पुन्हा लिहिले. “दहा दिवसांत जे पाहिलं, त्यावर लिहितोय. दया म्हणून नाही.”

आनंद व्हायला हवा होता. पण ते नाव कागदावर उमटताच हरेश्वर मनातल्या मनात पुन्हा यादी मोजू लागला. त्याची नजर नकळत निनादकडे गेली, मग आबांच्या चेहऱ्याकडे.

आबा बारकाईने पाहत होते. “आली ना भीती परत?”

“आली,” हरेश्वर खजील होऊन म्हणाला.

“येणारच. गमावण्यासारखं काही नसताना निर्भय होणं सोपं असतं रे. तेवढं मी तुला करून दाखवलं. रिकामी कळशी घेऊन कुणीही पळेल. विहिरीवरून भरली कळशी घेऊन येणाऱ्या बायका बघ. त्या गप्पा मारत चालतात, वाटेतला दगड चुकवतात, कडेवरचं मूल सांभाळतात. कळशी डोक्यावर असते, डोक्यात नसते. तुला आता तसं चालायचंय. ते मला शिकवता येत नाही. मी फक्त कळशी परत दिली.”

राज्य स्पर्धेत संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला. तोवर हरेश्वर एकदाही उतरला नव्हता. त्या सामन्याच्या उत्तरार्धात संघ तीन गुणांनी मागे असताना एका रक्षकाचा खांदा दुखावला. आबांनी बाकाच्या टोकाकडे पाहिले आणि नुसती मान हलवली.

हरेश्वर उतरला. मॅटवर पाऊल टाकताच तळपाय गार पडले. समोरचा चढाईपटू उंच होता, पल्ल्याचा होता. तो आत शिरला. हरेश्वर झेपावला, पण अर्धे पाऊल मागेच राहिले. त्या लांब हाताचा स्पर्श खांद्याला झाला आणि चढाईपटू मधली रेषा ओलांडून परतला. हरेश्वर बाद.

सगळे पाहत होते. आबा तर दहा हातांवरच होते. मान वळायला आली होती, आणि ती वळण्याच्या बेतात असताना हरेश्वरला आठवले, की बाहेर जाण्यापूर्वी निनादला एक गोष्ट सांगायला हवी. जवळून जाताना तो पुटपुटला, “चूक माझी झाली. तो उजवीकडे झुकतो, पण पाय डावा टाकतो. उजवीकडे जाऊ नको.”

बाद खेळाडूंच्या जागेवर बसून तो पाहत राहिला. पुढच्या चढाईत धर्मेशने बोनस घेतला. मग तो उंच चढाईपटू पुन्हा आला, उजवीकडे झुकला, आणि निनाद जागचा हलला नाही. डावा पाय पुढे आला, तसा निनादने घोटा धरला, कोपऱ्यातला साथीदार येऊन कोसळला. पकड! त्या पकडीने हरेश्वर पुन्हा जिवंत झाला. कबड्डीतली ही मोठी दयाळू रीत आहे. साथीदाराच्या यशाने बाद झालेला परत उभा राहतो.

शेवटची एकच चढाई उरली तेव्हा गुण समान होते. हरेश्वरने निनादचा हात धरला. समोरून पुन्हा तोच चढाईपटू येत होता. प्रेक्षकांचा कोलाहल एवढा होता, की दम ऐकू येणे शक्यच नव्हते. हरेश्वरने फक्त पाय पाहिले. पाय उचलला गेला तेव्हा त्याने निनादचा हात सोडला आणि पूर्ण पाऊल पुढे टाकून त्या मांडीला मिठी मारली. चढाईपटूने त्याला ओढत, फरफटत मधल्या रेषेजवळ नेले. रेषा वीतभर उरली होती, तेवढ्यात निनाद आणि इतर चौघे येऊन आदळले.

तो सामना संघाने एका गुणाने जिंकला.

गोष्ट इथेच संपवण्याचा मोह होतो, पण घडले ते सांगितले पाहिजे. दुसऱ्या दिवशी उपांत्य सामन्यात संघ हरला. खांदा दुखावलेला रक्षक पट्टी बांधून परतला होता, त्यामुळे त्या सामन्यात हरेश्वर एक मिनिटही खेळला नाही. बाकाच्या टोकावर बसून तो चाळीस मिनिटे ओरडून सांगत राहिला, कुणाचा पाय फसवा, कुणाचा तोल कुठे. सामना संपला तेव्हा त्याचा आवाज पूर्ण बसला होता.

परतीच्या बसमध्ये आबा त्याच्या शेजारी येऊन बसले. एका ठिकाणी बस चहाला थांबली. सगळे उतरले, हे दोघे बसून राहिले.

“कालच्या सामन्यात भीती वाटली?” आबांनी विचारले.

“वाटली,” हरेश्वर बसक्या आवाजात म्हणाला. “पहिल्यांदा उतरलो तेव्हा वाटली. शेवटच्या चढाईला तर जास्तच वाटली.”

“मग?”

“होती ती तिथेच, आबा. पण समोर तो येत होता, हातात निनादचा हात होता. तिच्याकडे बघायला सवडच झाली नाही.”

आबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मॅटवर सोलवटलेला तो गुडघा चुरचुरला, पण हरेश्वरने पाय हलवला नाही. थोड्या वेळाने निनादने खिडकीतून चहाचे दोन पेले वर दिले.

आपल्यापैकी बहुतेकांचे नाव कुठल्या ना कुठल्या यादीत तळाशीच असते. ते टिकवण्याच्या धडपडीत हातचे काय काय झाकून ठेवले आहे, एवढे प्रत्येकाने एकदा पाहावे.